हौसाबाईंचा टीव्ही

“माझा टीव्ही बंद करणारा अजून जल्माला यायचाय!”

भैरोबाच्या देवळापुढं गावसभा भरली होती आणि बायकांच्या घोळक्यातून माझ्या सासूबाई, हौसाबाई, ताडकन उठून उभ्या राहिल्या होत्या. पदर खोचलेला, हात कमरेवर. धरणीमायनं पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. मी कराडची मुलगी. लग्न होऊन बोरजाईवाडीत आले त्याला वर्षही झालं नव्हतं. गावातल्या निम्म्या बायकांची नावं अजून पाठ व्हायची होती, आणि आमच्या घरची अब्रू ही अशी चव्हाट्यावर.

ठराव सरपंच मालनताईंनी मांडला होता. रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल. वाजला की घरोघरचे टीव्ही बंद. पोरं अभ्यासाला बसतील, मोठी माणसं एकमेकांशी चार शब्द बोलतील. साडेआठला पुन्हा भोंगा, मग बघा काय बघायचं ते. तेव्हा मोबाईल पोराटोरांच्या हातात आले नव्हते, पण केबल येऊन बरीच वर्षं झाली होती, आणि दिवेलागण झाली की बोरजाईवाडीत जित्या माणसाचा आवाज म्हणून ऐकू यायचा नाही.

“हौसाक्का, दीड तासानं काय जीव जातोय का?” मालनताई म्हणाल्या.

“जातोय की,” सासूबाई म्हणाल्या.

सगळी सभा हसली. मीही मान खाली घालून हसले. सासूबाई मात्र हसल्या नव्हत्या.

मग पुरुषांतून संपतभाऊजी उठले. माझ्या चुलत सासऱ्यांचा हा मुलगा, आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारा. दूध डेअरीचा सचिव, तालमीचा पुढारी. कुणाकडं लग्न असो नाहीतर मयत, पहिला हजर. बोलणं असं की साखर पेरावी.

“ठराव लाख मोलाचा हाय,” ते म्हणाले. “आन् आमच्या काकीचं काय घेऊन बसलाय? तिला ऐकायला येत न्हाई, म्हणून आवाज मोठा लागतो. तिच्या सुनंलाच घ्या की पथकात. शिकलेली हाय. घरचाच पोलीस!”

पुन्हा हशा. टाळ्यांच्या कडकडाटात ठराव मंजूर. भोंगा झाल्यावर गल्लोगल्ली फिरून कुणाचा टीव्ही चालू आहे ते बघणाऱ्या बायकांच्या पथकात माझं नाव पडलं. सासूबाई मटकन खाली बसल्या. शेजारी संपतभाऊजींची बायको, सुवर्णाताई, बसली होती. तिनं सासूबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला. सासूबाईंनी तो झटकला नाही, पण धरलाही नाही.

माझ्या सासूबाईंचा टीव्ही सुटतो की नाही, यावर त्या दिवसांत एका बाईचा जीव टांगलेला होता. त्या देवळापुढं बसलेल्या काही जणांना ते ठाऊक होतं. मला नव्हतं.

आमचं घर आणि संपतभाऊजींचं घर म्हणजे एकाच कौलारू घराचे दोन वाटे. सासरे आणि त्यांचा भाऊ वेगळे झाले तेव्हा मधे भिंत घातली, पण ती आढ्याला काही टेकली नाही. वर हातभर फट राहिली. तिकडं मिरचीची फोडणी पडली की इकडं आम्हाला ठसका. पुढं सासरे वारले, चुलत सासूसासरेही गेले, फट तशीच राहिली. सुवर्णाताई ही सासूबाईंच्या सख्ख्या भावाची मुलगी. हे स्थळ सासूबाईंनीच जुळवलेलं. तिला मूलबाळ नव्हतं, बोलणं कमी, आणि ऐन उन्हाळ्यातसुद्धा पोलक्याच्या बाह्या कोपराखाली. काहींना असतं लाजरेपण, असं मी समजायची.

आता टीव्हीचं सांगते. आमच्या गल्लीत कोण काय बघतं हे रस्त्यानं चालतानाच कळायचं. लोहाराच्या घरात कुस्त्या, तात्या माळ्यांकडं कीर्तन, शिंप्याकडं रिमोटवरून सासूसुनेची जुंपलेली. आमच्याकडं मात्र कशाला काही धरबंध नव्हता. दिवा लावून झाला की सासूबाई रिमोट घेऊन बसायच्या, बटण दाबत जायच्या आणि जिथं जास्तीत जास्त आरडाओरडा असेल तिथं थांबायच्या. बातम्यांतली भांडणं, सिनेमातली मारामारी. एकदा तर कुठल्या परक्या भाषेतली भुतं नाचत होती. आवाज इतका की फळीवरची भांडी थरथरायची.

मालिका लागली असली आणि मी विचारलं, “आई, ही कोण? हिचा नवरा कुठला?” तर म्हणायच्या, “कुणाला ठावं! बघ की गप.”

त्यांचं बहिरेपण सगळ्या गावाला माहीत होतं. माझा नवरा अजित साखर कारखान्यावर पाळीनं कामाला. तो तर आईसाठी कानाचं यंत्र आणायचं म्हणत होता. मला मात्र एक कोडं पडलं होतं. गॅसवर दूध वर यायला लागलं की सासूबाई बाहेर ओट्यावरून ओरडायच्या, “पद्मे, दूध!” एकदा मी अजितच्या कानाशी कुजबुजले, मला माहेरी जायचंय, तर सकाळी माझ्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी भरून तयार. म्हातारी हवं तेव्हा बहिरी होते झालं, असं म्हणून मी गालात हसायची.

भोंग्याचा पहिला दिवस उजाडला. संध्याकाळी देवळावरून तो वाजला आणि एकेका घरातला आवाज तुटत गेला. गाव असं गप्प झालं की गोठ्यातल्या म्हशीचं रवंथ ऐकू यावं. आम्ही पथकातल्या बायका बॅटऱ्या घेऊन निघालो. पोरं ओसरीवर पुस्तकं उघडून बसली होती. मोठी माणसं एकमेकांकडं बघत बसली होती, काय बोलावं ते सुचत नव्हतं बिचाऱ्यांना. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो आणि एकच टीव्ही बोंबलत होता. आमचा.

“पद्मा, आधी घरचं बघ बाई,” मालनताई म्हणाल्या.

माझे कान तापले. तरातरा आत गेले आणि खटकन बटण दाबलं.

“लाव,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, बाहेर सगळ्या उभ्यात. माझं नाक कापू नका.”

“तुझं नाक ऱ्हाऊ दे बाजूला. लाव म्हणते नव्हं!”

त्यांचा हात थरथरत होता. माझे वडील तंबाखू सोडत होते तेव्हा त्यांचे हात असेच व्हायचे. मी म्हटलं, हेही तसलंच व्यसन. मी बधले नाही. त्या रिमोट मुठीत धरून काळ्या पडद्यासमोर बसल्या, पण नजर पडद्यावर नव्हती. वर आढ्याकडं होती. पलीकडून ताटवाट्यांचा आवाज आला, संपतभाऊजींचं खाकरणं आलं. बाकी काही नाही. साडेआठचा भोंगा झाला तेव्हा सासूबाईंनी कोंडून धरलेला श्वास सोडला.

“गेला का जीव?” मी चेष्टेनं विचारलं.

“आजचा दिस निभावला,” त्या म्हणाल्या आणि न जेवताच आडव्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर सुवर्णाताई भेटली. कळशी उचलताना तिची बाही वर सरकली. दंडावर हिरवानिळा डाग.

“ताई, हे काय?”

“हौदावर पडले गं. शेवाळ झालंय नुसतं.” तिनं बाही ओढून घेतली. मग इकडंतिकडं बघून म्हणाली, “पद्मा, आत्तीला टीव्ही लावू द्यावास तू. म्हातारं माणूस, कान गेल्यालं. तिला काय कळतंय भोंग्यातलं?”

“नियम सगळ्यांना सारखा, ताई.”

“व्हय, ते बी खरं,” ती म्हणाली आणि कळशी कमरेवर घेऊन गेली. घरी आले तर सासूबाई माझी पिशवी काढून बसलेल्या.

“चार दिस माहेरी जाऊन ये जा.”

“आत्ताच तर आले की मी. आणि पथक?”

“चुलीत घाल तुझं पथक!” त्या इतक्या जोरात ओरडल्या की मी दचकले. दिवसभर मग त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्या दिवशी अजितची दुपारपाळी होती. सात वाजत आले तसा मी रिमोट उचलला आणि सरळ कमरेला खोचला. आज पथकापुढं हसं करून घ्यायची माझी तयारी नव्हती. सासूबाई बघत राहिल्या. भोंगा वाजला. मी टीव्ही बंद केला, बॅटरी घेतली, चप्पल पायात सरकवत होते, तेवढ्यात आढ्याच्या फटीतून आवाज आला. संपतभाऊजींचाच, पण गावात कधी न ऐकलेला. खालच्या पट्टीतला, सावकाश.

“आमटीत मीठ कुणी घालायचं? तुझ्या बानं?”

मग धप्प असा आवाज. भांडं घरंगळत गेलं. पुन्हा धप्प. बाईचा आवाज नाही. शिवी नाही, रडणं नाही. भिंतीवर काहीतरी आपटलं आणि आमच्या बाजूची कॅलेंडरं हलली.

माझा एक पाय चपलेत, एक बाहेर. मागून सासूबाई हळूच म्हणाल्या, “रिमोट दे.”

“आई, अहो, हे काय चाललंय?”

“दे आधी!” त्या उठल्या आणि माझ्या कमरेला झोंबल्या. मी दोन्ही हातांनी रिमोट धरून ठेवला. साठीची बाई, पण काय तो जोर! बांगड्या पिचल्या माझ्या. “पद्मे, पाया पडते तुझ्या, दे गं! लावू दे मला!”

पलीकडं पुन्हा धप्प झालं. सासूबाईंनी दोन्ही कान गच्च दाबून घेतले.

“तुम्हाला ऐकू येतंय,” मी म्हटलं.

त्यांचे हात कानांवरून गळून पडले. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

“रोज असतं हे?”

“रोज न्हाई. त्याच्या मनात यील तवा. डेअरीवरनं आला की.” त्या फटीकडं बघत, आवाज न चढवता बोलत होत्या. “पयल्यांदा गेल्ते मी. त्यांच्या लग्नाच्या सालातच. दार वाजवलं. हसत भाईर आला. म्हणला, काकी, भांडं पडलं. आन् दुसऱ्या दिशी तिला दुप्पट पडला. तुझं सासरं म्हणलं, भावकीत तोंड घालायचं न्हाई, मधी भिंत घातलीय ती कशाला? मग मी काय करू? गेले तर ती जास्त मार खाती. न्हाई गेले तर हितं बसून ऐकायचं. माझ्या भावाला मीच म्हणलं होतं, पोरगी माझ्या डोळ्यांम्होरं ऱ्हाईल.”

“म्हणून टीव्ही.”

“आवाज मोठा पाह्यजे होता, दुसरं काय न्हाई. मग लोकं म्हणायला लागली, म्हातारीचं कान गेलं. मी म्हणलं, जाऊ द्या. गेल्यालंच बरं.”

मी दाराकडं वळले. त्यांनी माझा पदर पकडला. “जाऊ नगंस. उद्या त्यो तिला जित्ती ठेवायचा न्हाई!”

त्या खोटं बोलत नव्हत्या. मी गेले आणि तो हसला, भांडं पडलं म्हणाला, तर मी काय करणार होते? उद्या मी असेन आढ्याखाली कान दाबून. नाही गेले तर आज काय होईल ते त्या भिंतीलाच ठाऊक. तरी पदर सोडवून मी कडी काढली, कारण घरात श्वास घेणं अशक्य झालं होतं.

दार उघडलं आणि जागच्या जागी थबकले.

गल्लीत प्रत्येक उंबऱ्यावर माणसं उभी होती. लोहार होता. तात्या माळी हातातली माळ तशीच धरून उभे. रिमोटवरून भांडणारी शिंप्याची सासूसून एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून. पोरं पुस्तकं छातीशी धरून. सगळ्यांचे टीव्ही बंद, सगळ्यांची तोंडं संपतभाऊजींच्या दाराकडं. कुणी हूं की चूं करत नव्हतं, आणि पाऊलही कुणी उचलत नव्हतं.

“आई,” मी मागं न बघता हाक मारली, “बाहेर या. एकदा बघा तरी.”

सासूबाई उंबऱ्यात आल्या. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी बघितलं. तात्यांनी मान खाली घातली. सासूबाईंनी पदर खोचला, तशाच अनवाणी पायऱ्या उतरल्या आणि शेजारचं दार दोन्ही मुठींनी बडवलं.

संपतभाऊजींनी दार उघडलं. टॉवेलला हात पुसत होते. चेहऱ्यावर तेच गोड हसू. बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं मोठ्यानं म्हणाले, “काय गं काकी? बंद हाय आमचा टीव्ही! ठराव पाळतोय आमी!”

“तुझा बंद हाय,” सासूबाई म्हणाल्या. “माझा बी बंद हाय. समद्या गल्लीचा बंद हाय, संपत.”

संपतभाऊजींना आधी उमगलंच नाही. मग त्यांनी काकीच्या खांद्यावरून पलीकडं बघितलं. ठरावाला सगळ्यांत आधी पाठिंबा त्यांनीच दिला होता.

“घरातली गोष्ट हाय,” आता आवाज खाली आला, तोच फटीतून आलेला. “भावकीत तोंड घालायचं न्हाई. काकांनी काय सांगितलं होतं, इसरलीस?”

“ते गेले. मी हाय अजून. सरक.”

ते सरकले नाहीत. एक हात चौकटीवर, दुसरा खांद्याच्या वर उठलेला. मी धावत जाऊन सासूबाईंच्या शेजारी उभी राहिले. डोळे मिटून घ्यावेत असं वाटत होतं. मागं पायऱ्यांवर चपला वाजल्या. लोहार उतरला होता. मग शिंप्याची सून, तिच्यामागं तिची सासू. गल्लीच्या तोंडाशी बॅटऱ्या चमकल्या, मालनताईंचं पथक आलं आणि सगळा उजेड त्या वर उठलेल्या हातावर पडला. तो हात हळूहळू खाली गेला.

सुवर्णाताई चुलीपाशी बसली होती. पदराचा बोळा तिनं स्वतःच्या तोंडात कोंबला होता. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ती रोज असंच करायची, हे मला पुढं कळलं.

“सुवर्णे, चल,” सासूबाईंनी हात पुढं केला. “चल माझ्या घरला.”

तिनं बोळा काढला. ओठ फुटला होता. पण तिला त्याचं भानच नव्हतं, ती टक लावून सासूबाईंकडं बघत होती.

“आत्ती, तुला ऐकू आलं?”

“आलं.”

“आजच आलं?”

दारात सगळी गल्ली उभी होती. आजच आलं म्हटलं असतं तर कुणी खोटं ठरवलं नसतं. मी सोडून कुणाला ठाऊक होतं? मीसुद्धा गप्प बसले असते, देवाशपथ. सासूबाईंनी पुढं केलेला हात तसाच ठेवला.

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “पयल्यापास्नं येतंय.”

सुवर्णाताईनं पदराचा ओला बोळा उलगडला. मग म्हणाली, “मला वाटायचं, आत्तीचं कान गेल्यात. कान असतं तर आली असती. हेच्यावर दिस काढलं गं मी.”

ती भिंतीला धरून उठली. सासूबाईंचा हात पुढं केलेलाच होता. ती त्या हाताला वळसा घालून आली, माझा दंड धरला आणि आमच्या घरात शिरली. दुसरीकडं जायला तिला जागाच कुठं होती?

पुढचं सगळं झालं. मालनताई तिला घेऊन तालुक्याला गेल्या, पोलिसांत नोंद झाली. साक्ष द्यायला गल्ली झाडून आली, तात्या माळीसुद्धा. संपतभाऊजींना गावानं पुन्हा कुठल्या खुर्चीवर बसू दिलं नाही. ते वाटा विकून कुठं निघून गेले. सुवर्णाताई आमच्या मागच्या खोलीत राहिली, अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. माझ्याशी बोलायची, अजितशी बोलायची, हळूहळू हसायलाही लागली. सासूबाईंना मात्र ताट वाढून द्यायची, आंघोळीचं पाणी काढून द्यायची, आणि तोंडातून शब्द नाही.

सासूबाईंनीही तो मागितला नाही. त्या संध्याकाळपासून त्यांनी टीव्हीला हात लावला नाही. साडेआठचा भोंगा झाला की गावभर टीव्ही सुरू व्हायचे, आमच्याकडं त्याच्यावर चादर. सासूबाई उंबऱ्यात बसायच्या, गल्लीकडं कान देऊन. अजित म्हणायचा, आई, लाव की आता, वेळ झाली. त्या मान हलवायच्या.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. एका संध्याकाळी साडेआठचा भोंगा झाला आणि सुवर्णाताई मागच्या खोलीतून बाहेर आली. मी भाकरी थापत होते. तिनं टीव्हीवरची चादर काढून घडी घातली. बटण दाबलं. चॅनेल बदलत बदलत एका ठिकाणी थांबली. तिथं कुणी बाई शांतपणे काहीतरी शिजवत होती. मग तिनं आवाज कमी कमी करत नेला, इतका, की तव्यावरची भाकरी फुगण्याचा आवाज त्याच्याहून मोठा वाटावा. सासूबाई उंबऱ्यात पाठमोऱ्या बसल्या होत्या.

“आत्ती,” ती म्हणाली, “एवढा पुरं?”

सासूबाई वळल्या. डोळ्यांतलं पाणी गालावरून खाली आलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

“पुरं गं,” त्या म्हणाल्या. “येतंय मला ऐकू.”